चिऱ्याचा हात

आजवर मी हे कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही, की एकदा मी चिऱ्याचा हात धरून साखळीत उभा राहिलो होतो. यात लपवण्यासारखं काय आहे, असं वाचणाऱ्याला वाटेल. कॉलेजच्या जिमखान्याचा सर. एका संध्याकाळी कबड्डीच्या सरावाला गडी कमी पडला म्हणून पँट दुमडून मुलांबरोबर मॅटवर उतरला, एवढंच. पण त्या थोड्या वेळात मला जे कळलं ते कळलं नसतं, तर पुढे मी जे बोललो ते अज्ञानाने बोललो, असं तरी म्हणता आलं असतं. ती सोय चिऱ्याच्या हाताने काढून घेतली.

तो हात होताच लक्षात राहण्यासारखा. रुंद, कोरडा आणि खरखरीत. रत्नागिरीच्या हवेत सरावाला उभं राहिलं की पाच मिनिटांत सगळ्यांचे तळवे घामाने निसरडे होतात, साखळ्या सुटतात, मुलं मॅटवर हात पुसत बसतात. चिऱ्याचा तळवा कधी ओला झालेला मी पाहिला नाही. त्याचे वडील पालीच्या बाजूला चिऱ्याच्या खाणीवर कामाला. सुट्टीत हाही तिथे जायचा आणि जांभ्या दगडाचे ते कापलेले तांबडे ठोकळे ट्रकमध्ये भरायचा. अंगाचा बांधाही तसाच, चारी बाजूंनी सारखा. कॉलेजात आला त्याच आठवड्यात कुणीतरी त्याला चिरा म्हणालं आणि दिनेश हे नाव हजेरीपुरतं उरलं. त्यालाही त्याचं काही वाटलं नाही. नवीन माणसाला तो स्वतःच सांगायचा, "मी चिरा. घरात लावा नायतर कुंपणाच्या गडग्याला लावा, चालताय."

वजनाची मात्र त्याला भयंकर धास्ती. खुल्या गटात पंच्याऐंशी किलोच्या वरचा गडी चालत नाही, आणि चिरा कायम त्या आकड्याच्या उंबऱ्यावर. स्पर्धेच्या आदल्या दिवसापासून तो घोटघोट पाणी प्यायचा, जेवणाच्या वेळी आमच्याकडे पाठ करून बसायचा, आणि एसटीत कुणी शेंगदाण्याची पुडी सोडली तर डोक्यावर टॉवेल घ्यायचा. काट्यावर चढण्याआधी गळ्यातला काळा दोरासुद्धा काढून माझ्या हातात द्यायचा, छातीतली सगळी हवा बाहेर सोडायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. मी एकदा म्हटलं, अरे, श्वासाला कसलं आलंय वजन?

"नसला तर बराच, सर. पण असला तर?"

हे ‘पण असला तर’ त्याचं पालुपद होतं. मुलं त्यावरून त्याची टर उडवायची. पुढे काही वर्षांनी ते माझंच पालुपद होणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

चिऱ्याच्या नावावर गुण फारसे लागायचे नाहीत. हे नीट सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट इथेच अडकली आहे. बचाव करणारे गडी शेजाऱ्याचा हात धरून उभे राहतात, ती साखळी. टोकाला असतो तो कॉर्नर. चढाईवाला आत आला की योग्य क्षणी कॉर्नर हात सोडून झेपावतो आणि त्याचा घोटा धरतो. टाळ्या पडतात, माईकवरून कॉर्नरचं नाव पुकारलं जातं. पण घोटा धरलेला चढाईवालासुद्धा सरपटत, लंगडत मधली रेषा गाठू शकतो. तो तिथे पोचू नये म्हणून कुणाला तरी मागून येऊन त्याच्यावर पडावं लागतं. आमच्या संघात डावा कॉर्नर होता सुजय, आणि त्याचा हात धरून शेजारी उभा असायचा चिरा. सुजय धरायचा, चिरा पडायचा. पंचांची शिट्टी वाजेपर्यंत खालून नुसती धूळ आणि कण्हणं यायचं. मग चिरा उठायचा, चढाईवाल्याला हात देऊन उठवायचा, त्याची पाठ झाडायचा आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहायचा. तोवर लोक सुजयचं नाव घेऊन ओरडत असायचे.

सुजय माझा भाचा. ताईने बारावीनंतर त्याला माझ्याकडे शिकायला ठेवला होता. चपळ, देखणा, थोडा उतावळा. मीही माझ्या काळात डावा कॉर्नरच होतो, त्याच जोरावर ही नोकरी लागली. त्यामुळे मैदानावर कुणी सुजयच्या झेपेचं कौतुक केलं की शेवटी म्हणायचं, सरांचाच भाचा, टायमिंग सरांचंच. ते ऐकायला मला आवडायचं. रोज संध्याकाळी ताईचा फोन यायचा आणि ती विचारायची, माझ्या लेकाचं पुढे काय होतंय रे. तो प्रश्न मला आवडायचा नाही.

चिऱ्याचा एक नियम होता. गणपतीपुळ्याकडच्या एका स्पर्धेत सुजयने अगदी वेड्यासारखी उडी घेतली. चढाईवाला लांब होता, तोल सावरून होता. सुजय त्याच्या गुडघ्याला जेमतेम शिवला. दुसरा कुणी असता तर जागेवरच थांबला असता. चिरा गेला. दोघेही बाद झाले आणि सामना तिथेच हातचा गेला. बाहेर आल्यावर मी तापलोच होतो. विचारलं, तुला दिसत नव्हतं का, चुकीचं धरलंय ते? तो शांतपणे म्हणाला, "पुढच्यान धरला ना सर, मग आपण जायचा. बरोबर धरला का चुकीचा, ता मागाहून. आधी ताच बघत ऱ्हायलो तर जोडी कशाला म्हणायची?" गाडीत मुलं सुजयला बोलायला लागली तेव्हा हा मागच्या बाकावरून म्हणाला की मीच उशिरा गेलो. तो उशिरा गेला नव्हता, हे गाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आता ती संध्याकाळ. सुजयला ताप होता आणि मालगुंडला सामना तोंडावर होता, म्हणून सरावात डाव्या टोकाला मी उभा राहिलो. चिऱ्याने माझा हात धरला. चढाईला आलेला मुलगा पाय नाचवत, फसवत आमच्या बाजूला आला. माझे डोळे त्याच्या पायांवर. आणि माझ्या तळहातावर अंगठ्याचा एकच दाब आला. मी विचार करायच्या आत झेपावलो होतो आणि घोटा माझ्या मुठीत होता. वर चिरा येऊन पडला. माझ्या वयाला ते झेपण्यासारखं नव्हतं, पण मला इतका आनंद झाला की मी लगेच पुन्हा जागेवर जाऊन उभा राहिलो. पुन्हा तेच. अंगठा, झेप, घोटा. त्यानंतरच्या चढाईला दाब आला नाही, पण मला माझाच भरवसा वाटायला लागला होता. मी माझ्या अंदाजाने उडी घेतली, आणि तो मुलगा माझ्या अंगावरून टांग टाकून हसत परत गेला.

चिरा मला उठवत म्हणाला, "सर, मी म्हटला नव्हता."

मी विचारलं, तुला कळतं कसं? तो म्हणाला, "पायाकडे नाय बघायचा. पाय फसवतो. कंबर बघायची, तिला फसवता येत नाय." आणि सुजयला हे तू कधी सांगितलंस? तो जरा गोंधळला. त्यांचं दोघांचं तसं ठरलेलं काही नव्हतं म्हणे. हात हातात असतो, तो वेळेला दाबला जातो, आणि सुजय उडतो.

त्या रात्री जेवताना सुजय तापातच होता. बायको त्याला पेज भरवत होती, आणि मी त्याच्या हाताकडे बघत होतो. लोक ज्या टायमिंगची वाहवा करत होते ते त्याचं नव्हतं. माझं तर नव्हतंच. कदाचित माझ्या काळीही ते माझं नसेल. माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या गड्याचं नाव आठवायलाही मला वेळ लागला. मी हे कुणाला बोललो नाही. बोलायची गरज नव्हती, संघ जिंकत होता.

मग पाहुणे आले. एका व्यावसायिक संघासाठी गडी हेरत गावोगाव फिरणारे ते गृहस्थ होते, स्वतः जुने खेळाडू, देशावरचे. आले तेव्हाच त्यांनी सांगितलं की त्यांना डाव्या बाजूला एकच पोरगं पाहिजे, सध्या राखीव म्हणून, टिकला तर पुढे त्याचं नशीब. आमच्याकडे दोनच नावं होती, हे सगळ्या जिमखान्याला कळलं. मुलांनी लगेच त्याचा मुलगी बघण्याचा कार्यक्रम करून टाकला. चिऱ्याने मला विचारलं, "सर, पोहे मी करू का सुजय करील? आणि गाणा म्हणायला सांगितला तर?"

थट्टा करत होता, पण त्याचं धाबं दणाणलं होतं. त्याच्या वडिलांनी त्याला एवढं वर्ष दिलं होतं. या वर्षात काय झालं तर झालं, नाहीतर खाण आहेच, असं त्यांनी माझ्यासमोरच त्याला सांगितलं होतं. त्यांचं चुकत नव्हतं. त्यांची कंबर गेली होती आणि घरात दुसरा हात नव्हता. त्या सुट्टीत चिरा पहिल्यांदाच चिरे भरायला गेला नाही. पाठ जपायची म्हणून. पाहुण्यांनी उंची घेतली, हाताची लांबी घेतली, पळवलं, उड्या मारायला लावल्या, आणि शेवटी काटा आणला. चिऱ्याने काळा दोरा माझ्या हातात दिला, श्वास सोडला, डोळे मिटले. काट्यात बसला. खाली उतरल्यावर त्याने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, जणू परीक्षेचा अवघड पेपर संपला. गडबडीत दोरा माझ्याच मुठीत राहिला.

दुपारी पाहुणे जिमखान्याच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले. त्यांचा डोळा पक्का होता. पहिल्या दिवशी त्यांनीही विचारलं होतं की हा जाडा नेमकं करतो काय. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचे सगळे जुने सामने परत बघितले आणि मला जवळ बोलावलं. एका जागी चित्र थांबवलं. म्हणाले, "हे बघा सर, हा जाडा बाद होऊन बाहेर बसला, की तुमचा कॉर्नर चुकतोय. हा आत आला, की परत बरोबर धरतोय. एकदा न्हाई, दरवेळी. आता हातातलं मला हितनं दिसत न्हाई. तुम्ही रोज बघताय, स्वतः कॉर्नर खेळलाय. एकच सांगा. इशारा कुणाचा?"

त्यांनी थेट तेच विचारलं. मला वाटतं त्यांनी दुसरं काहीही विचारलं असतं, तरी मी खरं बोललो असतो. चिरा जड आहे का, म्हटलं असतं आहे. सुजय उतावळा आहे का, म्हटलं असतं आहे. खिशात फोन थरथरत होता. ताईचाच असणार, तिला आजचा दिवस माहीत होता. खोलीबाहेर मुलं चिडवाचिडवी करत होती, त्यात सुजयचं हसू मला ओळखू आलं.

मी म्हणालो, इशारा कॉर्नरचा. सुजयच देतो.

"नक्की?"

नक्की, मी म्हणालो.

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. वाटलं, आता हे म्हणतील की सर, तो तुमचा भाचा ना. ते तसं काही म्हणाले नाहीत. दाराबाहेरून चिरा खांद्यावर मॅटची गुंडाळी घेऊन चालला होता, त्याला त्यांनी हाक मारून आत बोलावलं. मॅट खांद्यावर तशीच ठेवून तो उभा राहिला.

"काय रे, तुझे सर म्हणत्यात, इशारा सुजयचा असतो. खरं का?"

चिऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या नजरेत राग शोधला, निदान आश्चर्य तरी. तसं काही नव्हतं. चढाई चालू असताना तो जसा बघायचा तसं त्याने बघितलं. माझ्या तोंडाकडे नाही, जरा खाली, माणसाचा तोल कुठे आहे तिकडे. मग म्हणाला, "होय. सर सांगतात तसाच हाय."

पुढच्याने धरलं होतं. चुकीचं धरलं होतं. तो मागून आला.

तो बाहेर गेला, आणि मी काहीतरी निमित्त काढून त्याच्यामागे गेलो. काय बोलणार होतो, मलाच ठाऊक नव्हतं. त्याने मॅट भिंतीशी उभी केली, हात झटकले, आणि माझ्यापुढे तळवा धरला.

"सर, माझा दोरा," तो म्हणाला.

मी मूठ उघडली. दोरा घामाने भिजला होता. त्याने तो पँटला पुसला आणि गळ्यात बांधला.

सुजयची निवड झाल्याचं कळलं त्या दिवशी कॉलेजात पेढे वाटले. ताई चिपळूणहून आली, मला धरून रडली. सुजयला खांद्यावर घेऊन ज्याने सगळं मैदान फिरवलं तो चिरा होता. त्याच आठवड्यापासून तो खाणीवर जायला लागला. परीक्षा तेवढी दिली.

सामने टीव्हीवर दिसायला लागले तेव्हा चिरा आमच्याकडे बघायला यायचा, कारण त्यांच्या घरी ती वाहिनी नव्हती. बायको त्याला चहा आणि खारी द्यायची. आता वजनाचा प्रश्न नव्हता, तरी तो आधी नाही म्हणायचा, मग सगळी बशी संपवायचा. पुष्कळ सामने सुजय राखीव खेळाडूंच्या बाकावरच बसलेला दिसायचा. एका सामन्यात त्याला उतरवलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. चिरा प्लॅस्टिकच्या खुर्चीत पुढे सरकून बसला, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. चढाईवाला डावीकडे आला. सुजयने झेप घेतली, हुकली. सुजय बाद झाला आणि नंतर, अगदी किंचित नंतर, चिऱ्याचा अंगठा खुर्चीच्या हातावर दाबला गेला.

त्यानंतर मी टीव्हीकडे बघितलंच नाही. मी त्याच्या हाताकडे बघत होतो. बायको म्हणाली, अहो, तिकडे बघा की, सुजय परत आलाय. सुजय त्या दिवशी जितक्या वेळा चुकला तितक्या वेळा तो हात त्याच्यामागून दाबला गेला. चिऱ्याला ते कळत नसावं. सामना संपल्यावर तो उठला आणि बायकोला म्हणाला, "पहिल्यांदाच उतरला ना काकी, घाबरला असेल. बसेल हात."

सुजयचा हात बसला नाही. एका हंगामात तो परत आला. तिकडे त्याला कुणी दोष दिला नव्हता, नुसतं पुढच्या वर्षी बोलावलं नाही. आठ-पंधरा दिवस तो घरात पंख्याखाली पडून होता. एका दुपारी मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो, तर तो छताकडे बघतच म्हणाला, "मामा, तिकडेपण हात धरतात. पण तो हात बोलत नाय." म्हणजे त्यालाही माहीत होतं. आता तो पुण्याला एका व्यायामशाळेत शिकवतो, बरं चाललंय त्याचं. फोनवर तो मामीशी जास्त बोलतो.

पाहुण्यांचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता, आजही आहे. सुजय परत आला तेव्हा चिऱ्याचं वय गेलेलं नव्हतं. एक फोन केला असता, म्हटलं असतं की मी तेव्हा खोटं बोललो, इशारा त्या जाड्याचा होता, त्याला एकदा बोलवा. कितीतरी वेळा मी तो नंबर काढला. आणि मग ते पालुपद सुरू व्हायचं. ते काही म्हणणार नाहीत बहुतेक. पण म्हणाले तर? कॉलेजला कळवलं तर? ताईला कळलं तर, की तिच्या मुलाला मी जिथे पाठवलं ती जागा त्याची नव्हतीच, आणि त्याचे ते वाईट दिवस माझ्यामुळे आले? यंदाचा हंगाम जाऊ दे, पुढच्या वेळी करू. असं करत करत हंगाम गेले. फोन वाजला की मी आधी नाव बघायचो, पाहुण्यांचा तर नाही ना, आणि मग चिऱ्याचा तर नाही ना.

एकदा हातखंब्याच्या तिठ्यावर मी स्कूटर थांबवून उभा होतो. चिऱ्यांनी भरलेला ट्रक वळला. वरती डोक्यापासून पायापर्यंत तांबड्या धुळीने माखलेला एक माणूस बसला होता, त्याने मोठ्याने हाक मारली, "सर!" मी हेल्मेटचा पट्टा अडकल्यासारखं केलं. ट्रक पुढे गेल्यावर पट्टा लावला.

मग एका मित्राच्या चुलत्याने त्याला मस्कतला गोदामावर काम मिळवून दिलं. निघायच्या दिवशी त्याचा फोन आला. आईबाबांना स्टेशनवर येऊ नका सांगितलंय, रडतात. तुम्ही याल काय? मी हो म्हटलं. स्टेशनपर्यंतच्या सगळ्या रस्त्यावर मी वाक्य जुळवत होतो. गाडी यायला वेळ होता. त्याच्याजवळ एक जुनी बॅग होती, तिला त्याने सुतळीने आडवंउभं बांधलं होतं, आणि तो एकसारखा ती उचलून अंदाज घेत होता.

"विमानात बॅगेचापण काटा असतो, सर. आता हिला काय श्वास सोडायला सांगणार?"

मी हसलो. मला वाटलं, आता बोलावं. त्याने तेवढ्यात सुजयचं विचारलं, मग कॉलेजच्या नव्या मॅटचं विचारलं, मग डाव्या कोपऱ्याला आता कोण उभा राहतो ते विचारलं. मी सगळ्याची उत्तरं दिली. गाडी आली. त्याने बॅग आत टाकली, परत खाली उतरला, वाकून पाया पडला आणि हात पुढे केला. मी तो धरला. तसाच होता, कोरडा, खरखरीत, खाणीमुळे आणखी दगडासारखा झालेला.

आणि माझ्या तळहातावर अंगठ्याचा एकच दाब आला.

सवयीने असेल. हात हातात असला की दाबला जातो, असं तोच म्हणाला होता. पण साखळीत त्या दाबाचा अर्थ एकच होता: आता. मी जागचा हललो नाही. तो माझ्या तोंडाकडे नाही, जरा खाली बघत थोडा वेळ थांबला. मग हात सोडवून घेत म्हणाला, "येतो, सर." गाडी सुटल्यावरही मी हात तसाच पुढे धरून उभा होतो, चहावाला मुलगा विचारून गेला की चहा हवा काय.

चिरा तिकडेही खेळतो. सुट्टीच्या दिवशी कोकणातली, केरळातली मुलं जमतात आणि कुठल्याशा मोकळ्या जागेत वाळूवर रेषा आखतात. तो मला व्हिडिओ पाठवतो. त्याच्या शेजारी टोकाला एक काटकुळा मल्याळी मुलगा असतो आणि त्याची झेप बघून सगळे ओरडतात. मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघतो. हातातलं मला इथून दिसत नाही, पण मला ते दिसायची गरज नाही.

येत्या शिमग्याला तो रजेवर येतोय, सुजयही त्याच वेळी येणार आहे. दोघांनी माझ्याकडे जेवायला यायचं ठरवलंय, मला न विचारता. बायको मासे कुठले आणायचे ते आत्तापासून विचारते आहे. माझी झोप उडाली आहे. हे सगळं लिहिलं ते त्या दिवसाआधी लिहून व्हावं म्हणून. पण लिहिलं म्हणजे सांगितलं, असं मी धरत नाही. मी चिऱ्याचं एक वाक्य देणं लागतो. ते त्याच्यासमोर, सुजयच्या देखत, मोठ्याने बोलायचं आहे, आणि मग त्या पाहुण्यांना फोन करून तेच पुन्हा बोलायचं आहे: इशारा चिऱ्याचा होता, आणि ते मला माहीत होतं.

ते मी अजून दिलेलं नाही.